गाण्याखालची रिकामी जागा

माझ्या हातात माइक आला की मला खोटं बोलावं लागत नाही. जे खरं असतं तेच आपोआप फुगतं. शिरूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत गेली वीस-बावीस वर्षं सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. लग्न असो, पाळकसाहेबांचा निरोप असो, नाताळची नाटुकली असो, स्टेजच्या डाव्या अंगाला कडक इस्त्रीच्या शर्टात उभा असतो तो मी. निवृत्त होणाऱ्या शिपायाची मी अशी ओळख करून देतो की तो शिपाईच मागं वळून बघतो, कोण मोठा माणूस आलाय म्हणून.

पोटापाण्याची नोकरी मात्र रुक्ष. शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला आहे. गेटपासवर माझी सही असल्याशिवाय ट्रक बाहेर जात नाही. दिवसभर मी ड्रायव्हर लोकांना एकच प्रश्न विचारत असतो, "पेपर किधर है?" ते हात जोडतात, मुलाबाळांची शपथ घेतात, माल अपनाही है म्हणतात. मी ढिम्म. एक दिवस हाच प्रश्न कुणीतरी मला विचारेल आणि मी असाच हात जोडून उभा राहीन, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्याला मी स्टेजवर बोलावून टाळ्या मिळवून दिल्या असत्या.

झालं असं, की जेवणाच्या सुट्टीत मला इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लिहायचा नाद लागला. तिथं कुणीही फुकट लिहितो, आणि तितक्याच फुकट दुसरा कुणी येऊन ते खोडतो. माझी पहिली भर शिरूरविषयी होती. 'येथील माणसे मनाने मोठी आहेत', असं मी लिहिलं. चहा संपायच्या आत ते वाक्य गायब झालं आणि शेजारी एकच शब्द दिसला: 'संदर्भ?' मी इतका हसलो की समोरचा फोरमन घाबरला. मनाच्या मोठेपणाचा संदर्भ आणायचा कुठून? तलाठ्याकडून?

मग मी घोडनदीवरच्या पुलाचा फोटो चढवला. तो एका दुकानातल्या कॅलेंडरवर होता. मी त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि 'हे माझे स्वतःचे काम आहे' या चौकोनात बिनदिक्कत खूण केली. मोबाइल माझा, बोट माझं, पूल गावाचा. मग काम कुणाचं? दुसऱ्या दिवशी फोटो उडाला. निरोप होता की फोटोचा फोटो काढल्यानं तो आपला होत नाही. ज्यानं मूळ फोटो काढला, हक्क त्याचा. याला प्रताधिकार म्हणतात.

खोडणारा दोन्ही वेळा एकच होता. टोपणनावानं वावरायचा. बाई की बुवा, म्हातारा की तरणा, काहीच माहीत नाही. मी त्याचं नाव गेटवाला ठेवलं आणि त्याच्याशी भांडत भांडत एकेक नियम शिकत गेलो. दुसऱ्याचा माल आपल्या ट्रकमध्ये भरायचा नाही, हा प्रताधिकार मला नोकरीमुळे लवकर कळला. उल्लेखनीयतेनं मात्र घाम काढला. एखाद्या माणसावर पान हवं असेल, तर त्याच्याशी काही देणंघेणं नसलेल्या लोकांनी आपणहून, नीट, सविस्तर कुठंतरी लिहिलेलं असलं पाहिजे. आमच्याकडे माणसावर लिहितो कोण? त्याचा भाचा, नाहीतर मी.

तरीही मी आप्पांवर पान केलं.

आप्पा माझे नात्यानं कुणी नव्हेत. शिरूरच्या जुन्या मिशन दवाखान्यात ते कंपाउंडर होते. दिवसा औषधं, रविवारी पेटी. निवृत्तीनंतर ते दौंड तालुक्यात, यवतच्या अलीकडे मुलाच्या वस्तीवर राहायला गेले. पण मोठ्या सणाला त्यांना आणायला शिरूरहून गाडी जाते आणि पेटीवर तेच बसतात. वय शहाऐंशी. त्यांच्या नावावर एक गीत आहे, जे आमच्याकडे मयतीलाही म्हणतात आणि बारशालाही:

उंबऱ्याशी ठेविली घागर रिकामी,
वाट किती पाहू, भर आता स्वामी.

हे गीत सुरू झालं की आप्पा पेटी वाजवतात, पण तोंड मिटून घेतात. बाकी सगळी गाणी खड्या आवाजात गातात, हे एक नाही. यावर पानात मी एक वाक्य लिहिलं होतं, ज्याचा मला फार अभिमान होता: 'हे गीत वाजवताना त्यांचा कंठ दाटून येतो, म्हणून ते स्वतः ते कधीही गात नाहीत.' खाली अख्खं गीत उतरवलं, सहाही कडवी.

आणि रविवारी उपासना संपताच माइक हातात घेऊन मी गरजलो, "आपले आप्पा जगाच्या ज्ञानकोशात गेलेत! येत्या रविवारी कापणीच्या सणाला त्यांचं पान इथं पडद्यावर दाखवू. खुद्द आप्पा समोर असतील!" टाळ्या. बायका डोळे पुसायला लागल्या. पाळकसाहेबांनी पडदा भाड्यानं आणायचं लगेच ठरवून टाकलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पान उघडलं, तर वरती ही एवढी पाटी. हा लेख वगळण्याच्या चर्चेत आहे. मुदत सात दिवस. खाली गेटवाल्याचे दोन मुद्दे. एक, स्वतंत्र संदर्भ नाहीत. दोन, गीत पूर्ण छापले आहे. कवी हयात आहेत. त्यांची लेखी परवानगी कुठे आहे?

म्हणजे, पेपर किधर है?

माझा डबा तसाच राहिला. पान गेलं तर माझी फजिती होईल, ते ठीक. मी फजितीला सरावलेला आहे. पण पडद्यासमोर पहिल्या रांगेत बसलेल्या शहाऐंशी वर्षांच्या माणसाला काय सांगायचं? की आप्पा, चौकशीअंती तुम्ही उल्लेखनीय नाही असं ठरलंय? त्या दुपारी मी एका ट्रकला दोनदा परत पाठवलं. त्याचे कागद दोन्ही वेळा बरोबर होते.

घरी बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"अहो, पण आप्पांना विचारलं होतंत का, तुमच्यावर लिहू का म्हणून?"

"त्यांना सरप्राइज होतं."

"शहाऐंशीव्या वर्षी सरप्राइज? हृदयाचं काही बघायचंत की आधी."

मी कपाट उपसलं. पहिला संदर्भ सापडला, मंडळीच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका. आप्पांवर अख्खा लेख! संपादक आणि लेखक: मी. दुसरा सापडला, तालुक्याच्या साप्ताहिकातलं कात्रण, 'ज्येष्ठ गीतकाराचा सत्कार'. आता आमच्याकडची रीत अशी, की ज्याचा कार्यक्रम त्यानंच बातमी लिहायची आणि फोटोसह साप्ताहिकाच्या कचेरीत नेऊन द्यायची. ती स्वल्पविरामासकट छापून येते. म्हणजे ती बातमीही माझीच. गेटवाल्यानं सरळ विचारलं, हे दोन्ही लिहिणारे आपणच का? मी हो म्हणालो. त्यानं दोन्हीवर काट मारली.

बुधवारी सकाळी, कंपनीची बस पकडायच्या आधी, पाळकसाहेबांच्या कपाटात तिसरा संदर्भ सापडला आणि मी तिथंच एक गिरकी घेतली. मराठी ख्रिस्ती गीतकारांवरचं एक जाडजूड पुस्तक. लेखक दूरच्या जिल्ह्यातला, शिरूर कधी पाहिलेलं असेल की नाही शंका. आणि त्यात आप्पांवर दोन पानं! मी पानांचा तपशील पाठवला. दुपारी गेटवाल्याचं उत्तर आलं: 'हा संदर्भ स्वतंत्र दिसतो. उल्लेखनीयतेबाबत माझी हरकत नाही. आता केवळ गीताच्या परवानगीचे पत्र हवे.'

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मी ती दोन पानं पहिल्यांदा निवांत वाचायला घेतली. रांजणगाव मागं पडलं होतं. दुसऱ्या पानावर पोहोचलो आणि एक वाक्य दोनदा वाचलं. 'हे गीत वाजवताना त्यांचा कंठ दाटून येतो, म्हणून ते स्वतः ते कधीही गात नाहीत.' माझंच वाक्य. स्वल्पविरामसुद्धा माझा. त्या भल्या माणसानं आमची स्मरणिका मिळवून समोर ठेवली होती आणि उतरवून काढली होती. मी स्टेजवरून जे बोललो तेच साप्ताहिकातून, तेच पुस्तकातून फिरून, दाढी-मिशी लावून माझ्याच दारात साक्षीदार म्हणून उभं राहिलं होतं.

मी पुस्तक मिटलं. शेजारच्यानं विचारलं, "काय, बस लागली का?" मी म्हणालो, हो.

गेटवाल्याला हे कळवायचं? त्यानं तर विचारलं नव्हतं. ट्रक ड्रायव्हर असतो तर मीही बोललो नसतो, गुपचूप गिअर टाकला असता. आता एक सही तेवढी आणायची होती. मी परवानगीचं पत्र छापून घेतलं: 'मी या रचनेचा कर्ता असून तिचे सर्व हक्क माझ्याकडे आहेत.'

गुरुवारी कारखान्यात रजा टाकली. मोटरसायकल काढली, न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून चौफुल्याला आलो. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या आणि गुऱ्हाळांचा गोड धूर. एरवी मी थांबून रस पितो. त्या दिवशी थांबलो नाही.

आप्पा अंगणात शेवग्याखाली बाजेवर बसले होते. शेजारी स्टुलावर पेटी. पेटीवर झाकायला शाल घातलेली. शाल मी ओळखली. सुवर्णमहोत्सवात माझ्याच अनाउन्समेंटवर त्यांच्या खांद्यावर पडली होती ती. तिला अंगाचा वास म्हणून लागलेला नव्हता.

"सलाम, आप्पा."

"ये ये, माइकवाले. आज कुनाचा सत्कार?"

"तुमचाच."

"मागं झाला की एकदा. परत कशाला?"

मी मोबाइलवर पान उघडून दिलं. त्यांनी चष्मा चढवला आणि मोठ्यानं, बोट फिरवत वाचायला लागले. जन्मगाव ठीक होतं. नोकरी ठीक होती. कंठ दाटून येतो, तिथं बोट थांबलं.

"हे कुनी लिवलं?"

"मीच की."

"घसा तर माझा ठणठणीत हाय."

मी हसलो. ते हसले नाहीत. मी घाईनं कागद पुढं केला, पेन उघडून दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, मग पेनाचं टोपण हळूच परत लावलं.

"ही सही न्हाई व्हायची."

मला वाटलं, नम्रता. भक्त लोकांचं असं असतं. मी माझा समजुतीचा आवाज काढला. "आप्पा, गाणं देणारा देव, खरं आहे. पण कागदावर माणसाचंच नाव लागतं."

"देवाचं ऱ्हाऊ दे बाजूला. गानं बाईचं हाय."

"कुठल्या बाईचं?"

"दवाखान्यात पानी भरायला एक बाई यायची. आडावरनं घागरी वढता वढता म्हनायची. एकदा म्हनलं, बाई, नीट सांग. औषधाच्या चिठ्ठीमागं लिवून घेतलं आन् पेटीवर बसवलं. झालं. पुढं ती कुठं गेली कुनाला ठाव."

"नाव काय तिचं?"

आप्पा शेवग्याकडे बघत राहिले. "सगळी पानीवाली म्हनायची, मीबी तेच म्हनलो. नाव इचारलंच न्हाई. चिठ्ठीवर पेशंटाचं नाव घातल्याबिगर कवा औषध दिलं न्हाई मी, आन् हितं इसरलो. त्येच टोचतंय बघ."

"मग स्मरणिकेत तुमचं नाव कसं आलं?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला आठवलं.

छापखान्यात शेवटचं प्रूफ समोर होतं. प्रत्येक गीताखाली 'रचना' आणि पुढे नाव. या एकाच गीताखाली 'रचना' आणि पुढे रिकामं. छापखानावाला घड्याळ बघत होता. रिकामी जागा माझ्यानं बघवत नाही. स्टेजवर कुणी चार क्षण थांबलं तरी मी तिथं शेर घुसडतो. मी पेन उचललं आणि आप्पांचं नाव भरून टाकलं. त्यांचा सत्कार होणारच होता. कुणाचं काही घेतलं असं वाटलंच नाही; शालीबरोबर आणखी एक भेट दिली, असंच वाटलं.

"आप्पा, मी ते स्टेजवरून वाचलं तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"शाल अंगावर असताना मानसानं काय बोलावं? तू असा रंगात आलेला. चारचौघात तुला खोटं कसं पाडायचं? म्हनलं, खाली उतरल्यावर सांगू. खाली उतरलो तर लोक हात हातात घेऊन रडाया लागली. मग ऱ्हाऊन गेलं. तसं ती बाई गेल्यापासनंच ते गानं आलं की मी तोंड मिटतो. म्हनलो, तर आपलं म्हनून म्हनल्यावानी व्हतंय."

कंठ दाटून येतो म्हणे.

लाज वाटते सांगायला, पण मी तरीही म्हणालो, "आप्पा, आता तर ते पुस्तकातसुद्धा आलंय. एक सही केली तर…"

"पुस्तकात कुनी घातलं?"

मी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

मग ते म्हणाले, "रविवारी त्याच माइकवर सांग. तू घातलंस, तूच काढ. मी सांगितलं तर म्हनतील, केवढा नम्र मानूस! आनखी टाळ्या वाजवतील."

घरी आलो. बायकोनं बिनसहीचा कागद बघितला आणि सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता टोमणा येणार. ती म्हणाली, "चहा घ्या आधी. आणि आजच लिहा. उद्या तुम्ही त्याची गोष्ट बनवाल."

मी त्याच दुपारी चर्चेच्या पानावर लिहिलं. स्मरणिका माझी, बातमी माझी, पुस्तक स्मरणिकेवरून उतरवलेलं, गीत दुसऱ्याच बाईचं, नाव मी भरलेलं. पाच ओळी. त्यात एकही विशेषण नव्हतं. शोधून बघितलं, खरंच नव्हतं. गेटवाल्यानं आभार मानले आणि विचारलं, मग लेख वगळण्यास आपण सहमत आहात का? मी 'सहमत' लिहिलं. आयुष्यातलं माझं सगळ्यात छोटं भाषण.

बटण दाबल्यावर राहवेना, म्हणून आणखी एक विचारलं: 'त्या पाणी भरणाऱ्या बाईविषयी कुठे लिहिता येईल का?'

उत्तर आलं: 'संदर्भ?'

या वेळी मला हसू आलं नाही. त्याचं बरोबरच होतं. तिच्याविषयी जगात कुठंही एक ओळ नव्हती, आणि जी एक जागा होती ती मी भरून टाकली होती.

रविवारी देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) वेदीसमोर भोपळे, ज्वारीची कणसं, उसाची मोळी, कुणाची तरी पाय बांधलेली कोंबडी. भिंतीवर भाड्याचा पांढरा पडदा. पहिल्या रांगेत आप्पा. सगळे त्या ओळखीच्या हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझी फिरकी ऐकायला तयार.

मी सांगितलं. घागरीचं गीत आप्पांचं नाही. दवाखान्यात पाणी भरणाऱ्या बाईचं आहे. तिचं नाव कुणाला माहीत नाही. आप्पांचं नाव मी न विचारता छापलं. पान आता नाही.

कुणी टाळी वाजवली नाही. एक-दोघं हसले; त्यांना वाटलं पुढं गंमत येणार. ती येईना, तसं देऊळ शांत होत गेलं. कोंबडी तेवढी बोलत होती. माझ्या छातीतला ठोका माइकमधून ऐकू जातोय की काय, अशी मला धास्ती.

मागून एक म्हातारी ओरडली, "आन् मग आप्पाचं गानं कुठलं?"

आप्पा बसल्या जागेवरून म्हणाले, "माझी दोन हायत, मावशे. तुम्ही म्हनत न्हाई ती."

देऊळ हसलं. त्या हशाचा धक्का ओसरायच्या आत आप्पांनी पेटी पुढं ओढली आणि घागरीच्या गीताचे सूर धरले. लोक गायला लागले. आणि आप्पांनी तोंड उघडलं. आवाज खरोखर ठणठणीत होता. दुसऱ्या कडव्यात जरा बेसूरही झाले, कारण इतक्या वर्षांत चाल हातात राहिली होती, गळ्यातून गेली होती.

इथं थांबलो असतो तर सभा जिंकली असती. पण माझी धास्ती काही गेलेली नाही. स्मरणिका घरोघरी आहेत. जिथं जातो तिथं मागून घेतो आणि त्या नावावर रेघ मारतो. काही लोक देत नाहीत. "राहू द्या की, छान दिसतंय," म्हणतात. आणि ते जाडजूड पुस्तक तर कुठं कुठं पोहोचलं असेल, देव जाणे. त्याच्या लेखकाला पत्र टाकलंय, उत्तर नाही. उद्या कुणीतरी माझ्यासारखाच उत्साही माणूस ते पुस्तक उघडेल, त्याला त्यात स्वतंत्र संदर्भ सापडेल, आणि तो आप्पांचं पान पुन्हा उभं करेल. सगळं नियमात बसेल. गेटवालासुद्धा अडवणार नाही.

म्हणून आता अडवायला मी उभा आहे. ज्ञानकोशात नसलेल्या पानाचं नाव लाल अक्षरांत दिसतं; कुणी पान केलं की ते निळं होतं. रोज जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी, मी आप्पांचं नाव टाकून बघतो.

आजही बघितलं. लाल होतं. मग जेवलो.